दारावरचे वर्तुळ, हातातली मोजपट्टी : मुंबईतील घरतपासणीचा इतिहास

(१)
१८९७ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या मांडवी भागातून जाणाऱ्या माणसाला घरांच्या दर्शनी भिंतींवर रंगाने काढलेली वर्तुळे दिसत. वर्तुळ म्हणजे त्या घरात प्लेग शिरल्याची सरकारी खूण. काही भिंतींवर एकाशेजारी एक अशी कितीतरी वर्तुळे होती. काही दारांवर तीन इंग्रजी अक्षरे होती : यू, एच, एच. 'मनुष्यवस्तीस अयोग्य' अशा अर्थाच्या शब्दांची ती आद्याक्षरे. घराची तपासणी झाली, निकाल लागला आणि तो दारावरच लिहिला गेला. आत राहणाऱ्या बहुतेकांना ती लिपी वाचता येत नव्हती. अर्थ समजायला मात्र वेळ लागला नाही.

(२)
आज मुंबईत एखादी इमारत तीस वर्षांची झाली की संरचना अभियंता हातोडी आणि वही घेऊन दारात येतो. तोही निकालच लिहितो आणि त्याच्याही निकालाला अक्षरांचीच भाषा असते : सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३. या दोन दृश्यांमध्ये सव्वाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात तपासणीस काय शोधत आले, कागदावर काय लिहीत आले आणि घरात राहणाऱ्या माणसाची नोंद त्या कागदावर होत होती का, याचा हा धागा.

(३)
सुरुवात प्लेगच्या आधीची. १८८८ साली मुंबई महानगरपालिकेचा कायदा झाला. पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या, तरी मूळ कायदा अजून चालू आहे. पालिकेच्या अधिकाऱ्याने कोणाच्या घरात केव्हा आणि कसे शिरावे, हे त्याच्या कलम ४८८ मध्ये सांगितले आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी सहसा शिरू नये. राहत्या घरात जायचे तर चोवीस तास आधी लेखी सूचना द्यावी. स्त्रियांच्या खोल्या असतील तर त्यांना आडोशाला जाण्याइतकी सवड द्यावी. घरातल्यांच्या सामाजिक आणि धार्मिक रीतींचा मान राखावा.

ही कलमे वाचताना त्यांचे वर्ष आवर्जून लक्षात ठेवावे. परक्या माणसाने दुसऱ्याच्या उंबरठ्याशी थबकावे, ही जाणीव मुंबईच्या कायद्यात प्लेगच्या आठ वर्षे आधीच आलेली होती.

(४)
सप्टेंबर १८९६. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याच्या वखारींची दाट वस्ती. तिथे काखेत आणि जांघेत गाठी येऊन माणसे तापाने मरू लागली. हा ब्यूबॉनिक प्लेग आहे असे निदान प्रथम केले ते डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्यातील हडफड्याचे, मुंबईत वैद्यकी करणारे आणि पालिकेचे सभासद. पुढे १९०६ मध्ये ते पालिकेचे अध्यक्षही झाले.

निदान बरोबर होते. पण रोग पसरतो कसा, हे तेव्हा जगात कोणाला ठाऊक नव्हते. जंतू सापडला होता : १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांना. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग वाहून नेते असे पॉल-लुई सिमोंद यांनी कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी जवळपास दशक गेले.

(५)
म्हणजे १८९६ चा तपासणीस घरात शिरला तेव्हा नेमके काय शोधायचे हे त्याला माहीत नव्हते. त्याच्या डोक्यात त्या काळचे आरोग्यशास्त्र होते : रोग ओलीत असतो, अंधारात असतो, कोंदट हवेत असतो, शेणाने सारवलेल्या जमिनीत असतो. म्हणून त्याने त्याच गोष्टी तपासल्या. गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडले गेले. भिंतींना चुना फासला गेला. जमिनी उकरल्या गेल्या. उजेड यावा म्हणून छपरावरची कौले काढली गेली. अंथरुणे आणि कपडे जाळले गेले.

अंधाऱ्या, ओल्या खोल्या वाईटच होत्या, यात शंका नाही. पण ज्या पिसूने माणूस मरत होता, तिच्याकडे कोणी पाहत नव्हते.

(६)
६ ऑक्टोबर १८९६ रोजी आयुक्त स्नो यांनी रोग्यांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा हुकूम काढला. घर तपासायचे, रोगी सापडला की आर्थर रोडच्या रुग्णालयात न्यायचा आणि घरातल्या इतरांनाही हलवायचे. याचा अर्थ गिरणगावात पसरायला उशीर लागला नाही : तपासणीला दार उघडले की माणूस जातो, तो परत येत नाही. त्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. सफाई कामगार घाबरून शहर सोडून गेले तर मुंबईचे काय होईल, या धास्तीने महिनाअखेर हुकूम सैल करावा लागला.

लोक रोगाइतकेच तपासणीलाही भीत होते. रोगी माळ्यावर, कपाटात, गोधड्यांच्या ढिगाआड लपवले जाऊ लागले. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई गावाकडे निघून गेली, आणि तिच्याबरोबर प्लेगही गेला.

(७)
४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. चारच कलमांचा छोटासा कायदा. सरकारला वाटेल तो उपाय करण्याची मुभा त्याने दिली, आणि चौथ्या कलमाने सद्‍भावनेने वागणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावण्याची वाट बंद केली. १८८८ च्या कायद्यातील चोवीस तासांची सूचना, सूर्यास्ताची मर्यादा, स्त्रियांना सवड हे सारे पुस्तकात तसेच राहिले. प्रत्यक्षात त्याला अर्थ उरला नाही.

मार्चमध्ये मुंबईत जनरल गॅटॅकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. या समितीने निदान प्रतिष्ठित नागरिकांना पथकांत सामील करून घेतले आणि जातीजमातींना आपापली रुग्णालये काढू दिली. लोकांच्या रागाची धार त्यामुळे काहीशी बोथट झाली. पुण्यात तसे झाले नाही.

(८)
पुण्याची कथा या धाग्याच्या वाचकांना माहीत आहे, म्हणून इथे फक्त तपासणीपुरती. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या समितीने १३ मार्च ते १९ मे १८९७ या काळात शहराची झडती घेतली, आणि त्या कामाला गोरे सोल्जर लावले. पथकाबरोबर एखादा एतद्देशीय गृहस्थ असावा असा नियम होता. कुलूपबंद घर फोडण्याची मुभा होती. सोल्जर बुटांसह देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरतात, वस्तू लंपास होतात, गाठी पाहण्यासाठी स्त्रियांना उघड्यावर तपासतात, अशा तक्रारींनी त्या दिवसांतली वृत्तपत्रे भरली. काम नीट व शिस्तीत झाले, असे रँड यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंचे कागद आज उपलब्ध आहेत. ते शेजारी ठेवून वाचले तर एक फरक ठळक दिसतो : एका बाजूने किती घरे तपासली याचे आकडे येतात, दुसऱ्या बाजूने त्या घरांत काय घडले याच्या हकिकती.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर दामोदर चापेकर यांनी रँड यांच्यावर गोळी झाडली. ३ जुलैला रँड मरण पावले. पुढचे सर्वश्रुत आहे.

(९)
कमी माहीत असलेली घटना पुढच्या वर्षीची. मार्च १८९८ मध्ये मुंबईत जुलाहा विणकरांच्या वस्तीत प्लेगचे तपासनीस एका आजारी मुलीला पाहायला आले. घरच्यांनी पुरुषाला तपासू देण्यास नकार दिला. वादाची दंगल झाली, पोलिसांनी गोळीबार केला, आणि ती शहराच्या इतर भागांतही पसरली. त्यानंतर सक्तीची धार हळूहळू उतरली. १८८८ च्या कायद्यात ज्या सवडीचा उल्लेख होता, तीच सवड त्या घरच्यांनी मागितली होती.

(१०)
प्लेगने सरकारच्या मनात एक गोष्ट पक्की रुजवली : रोग घरात आहे, तेव्हा घरच बदलले पाहिजे. १८९८ मध्ये 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. नागपाड्याची योजना पहिली. मग प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते दाट वस्त्या कापत समुद्राच्या वाऱ्यासाठी काढले गेले. दादर-माटुंगा ही वसाहतही याच ट्रस्टची.

आता तपासणीस रोगी शोधत नव्हता. तो हवा आणि उजेड मोजत होता.

(११)
इथे जरा थांबण्यासारखे आहे, कारण हे मोजमाप सुंदर होते. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला. खोलीच्या खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे एक तिरपी रेषा काढायची. जमिनीशी होणारा तिचा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा असेल तर खोलीत पुरेसे आकाश येत नाही. भूमिती साधी आहे : समोरची इमारत तिच्या आणि तुमच्यामधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नसावी. पन्नास फूट उंचीसमोर पंचवीस फूट मोकळी जागा.

या कसोटीला उतरतील अशा खोल्या जुन्या मुंबईत किती होत्या, हे भुलेश्वर किंवा काळबादेवीच्या एखाद्या घळीत आजही उभे राहून पाहता येते. दोन इमारतींमधली ती अरुंद, कचऱ्याने भरलेली फट म्हणजे घळ. शेकडो खोल्यांच्या खिडक्या तिच्याकडेच उघडत.

(१२)
प्रश्न पुढे होता. खोली अयोग्य ठरली, इमारत संपादित झाली, पाडली गेली. नुकसानभरपाई कोणाला? मालकाला. तीही घराच्या भाडे उत्पन्नावर ठरे. ज्या मालकाने एका खोलीत दहा माणसे कोंबून भाडे उकळले होते, त्याच्या पदरात अधिक रक्कम पडण्याचा धोका होता, आणि ट्रस्टचे अधिकारी स्वतःच याविषयी कुरकुरत. भाडेकरूला मात्र जागा सोडण्याखेरीज काही मिळत नव्हते. नव्या चाळी बांधल्या गेल्या, पण पाडापाडीच्या वेगाने नव्हे. उठवलेली माणसे शेजारच्या गल्लीतल्या तशाच खोल्यांत शिरली, आणि तिथली गर्दी वाढली.

ऑर यांना हे दिसत होते. सबंध वस्ती उठवण्याऐवजी इमारतीचा एखादा भाग काढून आतल्या खोल्यांना उजेड द्यावा, असा ठिगळाचा मार्ग त्यांनी मांडला. तो शहाणपणाचा होता. पण ठिगळाने शहर देखणे होत नाही, आणि ट्रस्टला देखणेपणाचीही हौस होती.

(१३)
१९२० च्या दशकात विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे काँक्रीटच्या २०७ चाळी उभारल्या. त्याच बीडीडी चाळी. १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक संडास. घरे सुरक्षित, टिकाऊ, तपासणीला उतरणारी. पण सुरुवातीला कामगार तिथे जायला नाखूष होते : भाडे, गिरणीपासूनचे अंतर आणि कोंदट बांधणी. अधिकाऱ्याच्या वहीतले योग्य घर आणि माणसाला हवेसे वाटणारे घर यांत अंतर असू शकते, याचा हा त्या काळचा चांगला नमुना.

(१४)
आता धागा वेगळ्या वळणावर येतो. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून १९१८ मध्ये भाडेनियंत्रण आले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. लाखो भाडेकरूंना या कायद्याने तारले. पण रुपयाची किंमत घसरत गेली आणि भाडे तिथेच राहिले. ज्या चाळीचे महिन्याचे भाडे रंगाच्या डब्याइतकेही येत नाही, तिची दुरुस्ती मालक कशाला करील? आणि पागडी देऊन आलेला भाडेकरू मालकीची नसलेली तुळई स्वखर्चाने कशाला बदलील?

चाळी मोडकळीला येत गेल्या. आता तपासणीला एक नवा, गंभीर अर्थ आला.

(१५)
त्याच कायद्यात भाडेकरूला बाहेर काढण्याची मोजकीच कारणे होती. त्यांपैकी एक असे : पालिकेने इमारत ताबडतोब पाडण्याचा हुकूम दिला असेल तर जागा रिकामी करून मागता येते. आणि १८८८ च्या कायद्यातील कलम ३५४ पालिकेला पडाऊ इमारतीवर नोटीस काढू देत होते. दोन्ही कलमे वेगवेगळ्या काळातली, आपापल्या जागी रास्त. एकत्र आली की भाडेकरूच्या मनात शंका : ही नोटीस इमारत पडेल म्हणून आली आहे, की आपण जावे म्हणून?

ही शंका कधी खरी असे, कधी खोटी. पण ती एकदा मनात बसली की खरोखर धोकादायक इमारतीतला माणूसही जागचा हलत नाही. प्लेगच्या काळात रोगी लपवले जात होते. आता भेगा लपवल्या जाऊ लागल्या. वरून गिलावा, त्यावर चुना, त्यावर देवाचे कॅलेंडर.

(१६)
पावसाळ्यात चाळी कोसळत राहिल्या. अखेर १९६९ मध्ये राज्याने मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा केला. कल्पना धाडसी होती. जुन्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्या पैशांत सरकारने भर घालून खासगी मालकीच्या इमारती मंडळाने दुरुस्त करायच्या. शहर विभागात अशा १९,६४२ उपकरप्राप्त इमारती नोंदल्या गेल्या : 'अ' वर्गात सप्टेंबर १९४० पूर्वीच्या १६,५०२, 'ब' वर्गात १९५० अखेरपर्यंतच्या १,४८९ आणि 'क' वर्गात सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या १,६५१. १९७७ मध्ये म्हाडा स्थापन झाल्यावर हे मंडळ तिच्याकडे आले.

यातला खरा बदल पैशाचा नाही. इमारत दुरुस्तीपलीकडे गेली तर तिथल्या भाडेकरूला पुन्हा घर मिळावे, ही जबाबदारी प्रथमच कागदावर आली. तपासणीसाच्या वहीत आता राहणाऱ्याचेही नाव होते.

(१७)
या मंडळाच्या अभियंत्याने जुन्या चाळीत शिरल्यावर काय पाहायचे? त्या इमारतींची जातच वेगळी. चुन्यातल्या विटांच्या जाड भिंती, सागवानी खांब, तुळया, त्यांवर लाकडी पाट आणि वर कोबा किंवा लादी. अशी इमारत मधोमध सहसा कुजत नाही. ती कुजते तुळईच्या टोकाला, जिथे ती भिंतीत शिरते; आणि सर्वांत आधी मोरीखाली. पिढ्यानपिढ्या रोज सकाळी ओतलेले पाणी लादीच्या सांध्यातून झिरपत त्या टोकापर्यंत पोचते. जाणता अभियंता म्हणूनच आधी खालच्या बिऱ्हाडाच्या छताकडे पाहतो. लाकडाला टोकदार सळई लावून बघतो : चटकन आत गेली तर लाकूड संपले. भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून ठेवतो : महिन्या-दोन महिन्यांनी काच तडकली असेल तर भेग जिवंत आहे, इमारत अजून हलते आहे.

मग येतात टेकू. लाकडी बल्ल्यांचे टेकू दिलेली चाळ ही गिरगाव, लालबाग, डोंगरीतली ओळखीची खूण. टेकू चार महिन्यांसाठी लावतात. त्यावर कपडे वाळत घालणारी पिढीही मुंबईने पाहिली आहे.

(१८)
आणि संक्रमण शिबिरे. इमारत रिकामी झाली की भाडेकरूंनी तात्पुरते इथे राहायचे. अनेकांचे तात्पुरतेपण वीस-तीस वर्षे टिकले. मुले तिथे जन्मली, तिथूनच लग्न होऊन गेली. दरवर्षी पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, घरे रिकामी करण्याच्या सूचना देते, आणि दरवर्षी काही कुटुंबे निघत नाहीत. त्यांना मूर्ख ठरवणे सोपे आहे. संक्रमण शिबिरातून परत न आलेला शेजारी ज्याने पाहिला आहे, त्याचा हिशेब वेगळा असतो.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली. तिसाहून अधिक माणसे गेली. इमारत शंभरी ओलांडलेली. रिकामी करण्याच्या सूचना आधीच निघाल्या होत्या. काही कुटुंबे गेली होती, काही राहिली होती.

(१९)
जुनी लाकडी चाळच पडते, असेही नव्हे. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत पहाटे कोसळली आणि ६१ जण मृत्युमुखी पडले. ही पालिकेची स्वतःची, पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची, जेमतेम तीन दशकांची काँक्रीटची इमारत. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धिसाई इमारत पडली, १७ जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते आणि भार पेलणाऱ्या खांबांना हात लागला होता.

काँक्रीटचा रोग निराळा. समुद्राच्या खाऱ्या हवेने आतली सळई गंजते. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, आणि काँक्रीटला आतून फोडतो. म्हणून तुळईच्या लांबीला समांतर जाणारी, तपकिरी ओघळ असलेली भेग ही गिलाव्यावरच्या जाळीदार भेगांहून कितीतरी गंभीर.

(२०)
२००९ मध्ये १८८८ च्या त्याच कायद्यात कलम ३५३-ब आले : तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचना नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासून घ्यावी. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी त्याहून कडक आहेत. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी, त्यापुढे दर तीन वर्षांनी.

या तपासणीत काय होते? आधी नुसते पाहणे : गच्ची, पाण्याच्या टाक्या, संडासांच्या नळ्यांलगतच्या भिंती, तळमजल्याचे खांब. कोणी भिंत काढली आहे का, माळे किती, गॅलरी आत घेतली आहे का. मग चाचण्या. गिलावा खरवडून काँक्रीटवर हातोडीने ठोका देतात आणि ती किती उसळते ते मोजतात. ही हातोडी स्वित्झर्लंडच्या अर्न्स्ट श्मिट यांच्या नावाने ओळखली जाते. खांबाच्या एका बाजूने ध्वनिलहर सोडून दुसऱ्या बाजूला किती वेगाने पोचते ते पाहतात. भारतीय मानकाच्या कोष्टकात अधिक वेग चांगला, कमी वेग शंकास्पद. काँक्रीटचा तुकडा काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन टाकतात : गुलाबी झाले तर सळईला अजून संरक्षण आहे, रंग आला नाही तर ते गेले.

(२१)
शेवटी चार वर्ग. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-२बी म्हणजे माणसे न हलवता संरचनेची दुरुस्ती. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून किंवा पाडून दुरुस्ती. सी-१ म्हणजे सर्वांनी बाहेर पडायचे आणि इमारत पाडायची.

सी-१ आणि सी-२ए यांच्यात कागदावर एका अक्षराचे अंतर आहे. शहराच्या मध्यभागी जमिनीचा भाव काय आहे हे ध्यानात घेतले की, त्या अक्षरावरून मालकाचा अभियंता एक आणि भाडेकरूंचा अभियंता दुसरेच का सांगतो, हे उमगते. असे दोन अहवाल समोरासमोर आले तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घालून दिलेल्या चौकटीतून ही पद्धत आली.

(२२)
त्याच चौकटीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. इमारत पाडण्यापूर्वी तिथे कोण कोण राहत होते आणि प्रत्येकाच्या ताब्यात किती चटई क्षेत्र होते, याची मोजून नोंद करायची. सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्येच स्पष्ट केले की इमारत नाहीशी झाली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप नाहीसा होत नाही.

म्हणून सी-१ ठरलेल्या चाळीत शेवटच्या दिवसांत पालिकेचा माणूस येतो, तेव्हा त्याच्या हातात रंगाचा डबा नसतो, मोजपट्टी असते. सामान बांधलेले असते, गॅस काढलेला असतो. पट्टीचे एक टोक तो भिंतीशी धरतो, दुसरे टोक बहुधा घरातलेच कोणीतरी धरते. लांबी, रुंदी, मोरी धरून की सोडून यावर थोडी हुज्जत. मग आकडा लिहिला जातो, त्यापुढे नाव, आणि नावापुढे सही.